प्रलंबित वचन

बायबल वाचणारी माणसं मी लहानपणापासून पुष्कळ पाहिली, पण बायबलची अंमलबजावणी करणारं माणूस आयुष्यात एकच पाहिलं, आणि ते आमच्या वरच्या मजल्यावर राहत होतं. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये आम्ही राहायला आलो, तेव्हा या बाई केंद्र सरकारच्या कुठल्याशा खात्यात अवर सचिव होत्या. सगळा ब्लॉक त्यांना मॅडम म्हणे. भाजीवाला म्हणे, चर्चचे पाळक म्हणत, आणि माझी खात्री आहे की स्वर्गात त्यांचं नाव पुकारतील तेव्हाही पुढे मॅडम लावूनच पुकारतील. लग्न त्यांनी केलं नव्हतं. कोणी भोचकपणे विचारलंच, तर "तो विषय माझ्या टेबलावर आलाच नाही" एवढंच सांगत आणि समोरच्याला चहा देत.

आमची ओळख मात्र जिन्यात झाली नाही. कोपर्निकस मार्गावर आपल्या राज्याचं जुनं सदन आहे, तिथल्या कँटीनमध्ये आम्ही नवराबायको एकदा मिसळ खायला गेलो होतो. मी माहेरच्या सवयीनं, कोणाच्या लक्षात येऊ नये अशा बेतानं, खाण्याआधी डोळे मिटले आणि लगेच उघडले. शेजारच्या टेबलावरून खणखणीत आवाज आला, "प्रार्थना होती, की डोळ्यात तर्री उडाली?" मी ओशाळून म्हटलं, "प्रार्थना." "मग नीट कर. देवाला घाई नाहीये. तू आमच्या खालच्या मजल्यावरची ना? शुक्रवारी सात वाजता वर ये, आम्ही बायबल वाचतो. मराठीत असतं सगळं." मी गेले ती खरं सांगायचं तर मराठीसाठी. देवाचं आणि माझं तेव्हा बरं चाललं होतं, म्हणजे आम्ही एकमेकांच्या फारसे वाटेला जात नव्हतो.

मॅडमच्या घरी शुक्रवारी पाच-सहा जण जमत. जालन्याचं एक जोडपं, हॉस्पिटलमध्ये नोकरी करणारी पुण्याची एक नर्स, आम्ही दोघं, आणि समोरच्या ब्लॉकमधले गजभिये साहेब. गजभिये नागपूरचे, बौद्ध, स्वतः एका खात्यात अधिकारी. बायको मुलांच्या शाळेसाठी नागपुरात, म्हणून संध्याकाळी घर खायला उठायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "मॅडम, मी बुद्धाला मानणारा माणूस आहे. प्रार्थनेत मला धरू नका. मी फक्त बसून राहीन." मॅडम म्हणाल्या, "बसा की. या घरातून बसलेल्याला कोणी उठवत नाही. पण प्रश्न पडला तर विचारायचा. गप्प बसायचं नाही." ही अट मॅडमनी स्वतःच घातली होती, हे पुढच्या हकिकतीसाठी लक्षात ठेवायला हवं.

त्यांची शिकवायची पद्धत अशी, की एका शुक्रवारी एकच वचन घ्यायचं. ते त्या इतकं नीट समजावत की शंकेला जागा राहत नसे, आणि पुढच्या शुक्रवारी सगळ्यांकडे बघत विचारत, "मागच्या वचनावर काय कार्यवाही झाली?" एकाची जरी राहिली असेल, तर वचन प्रलंबित. पुढं सरकायचं नाही. आम्ही बायबलातल्या डोंगरावरच्या प्रवचनाला सुरुवात केली तेव्हा जालन्याच्या वहिनींना दिवस गेले होते. त्यांची मुलगी दुडुदुडु चालायला लागली तरी आम्ही त्याच पाचव्या अध्यायात होतो. एखादे नवे पाळक सहज भेटायला आले आणि त्यांनी "आम्ही वर्षात संपूर्ण शास्त्र वाचतो" असं कौतुकानं सांगितलं, की मॅडम विचारत, "आणि अनुपालन?" त्यावर पाळक घाईनं चहाचा कप उचलत.

सगळ्यांत जास्त आम्ही अडकलो ते भावाला मूर्ख म्हणू नये या वचनावर. बाकीच्यांचं जमलं, आमच्या यजमानांचं जमेना, कारण ते रोज रिंग रोडनं गाडी घेऊन ऑफिसला जातात. दर शुक्रवारी ते मान खाली घालून कबुली देत आणि सगळा वर्ग त्यांच्यापायी तिथंच थांबे. शेवटी त्यांनी तोडगा काढला. कोणी आडवी गाडी घातली की काच खाली करून "भगवान आपका भला करे" म्हणायचं. एकदा ते त्यांनी अशा आवाजात म्हटलं, की समोरचा माणूस गाडी थांबवून बाह्या सरसावत खाली उतरला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "शब्द बदललेत, आशय तोच आहे. प्रलंबित."

प्रार्थनाही त्यांची सरकारी वळणाची. आधी विषय, मग पार्श्वभूमी, मग विनंती. "हे बापा, मागच्या शुक्रवारी केलेल्या विनंतीच्या अनुषंगानं तुला पुन्हा आठवण करून देत आहोत," असं त्या डोळे मिटून अगदी गंभीरपणे म्हणत, आणि पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. पण त्या कोणालाही विसरत नसत. नर्सच्या वडिलांची कोणती तपासणी राहिली आहे, गजभियांच्या मुलीचा पेपर कुठल्या दिवशी आहे, माझं आणि माझ्या जाऊबाईंचं कशावरून बिनसलं आहे, सगळं देवापुढे तपशीलवार ठेवलं जाई. प्रार्थनेला बसण्यापूर्वी त्या गवती चहा घातलेलं आधण मंद आचेवर ठेवत, त्यामुळे जितकी प्रार्थना लांब तितका चहा कडक. तो काळाभोर चहा पिताना मला हळूहळू उमगत गेलं, की आठवडाभर आपलं नाव घेऊन कोणीतरी गुडघे टेकतंय, आणि आपण त्यावर उभे आहोत.

या प्रार्थनेत एक विनंती कधी चुकत नसे. "पानिपतच्या माझ्या बहिणीचं मन मऊ कर." मॅडमची धाकटी बहीण पानिपतला दिलेली होती, तिच्या नवऱ्याचं चादरी-सतरंज्यांचं दुकान होतं, आणि ती दहा-बारा वर्षं मॅडमशी बोलत नव्हती, एवढंच आम्हाला ठाऊक. तिच्या कठोर मनासाठी आम्ही सगळ्यांनी इतके आमेन म्हटले होते, की ती बाई रस्त्यात भेटली असती तर मी जरा लांबूनच गेले असते.

आणि मग ते वचन आलं. मॅडमनी नेहमीसारखं सोपं करून सांगितलं. देवापुढे काही अर्पण करायला गेलात आणि तिथं आठवलं, की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा. आधी जाऊन त्याच्याशी समेट करा, मग परत येऊन अर्पण करा. पुढच्या शुक्रवारी सगळ्यांनी कार्यवाही सांगितली. मी जाऊबाईंना फोन केला होता. जालन्याचे भाऊजी चुलतभावाकडे जाऊन जेवून आले होते. मॅडम समाधानानं पान उलटणार, तेवढ्यात गजभिये खाकरले.

"मॅडम, एक बात पूछू? सगळ्यांचं झालं. तुमचं?"

"माझं कोणाशी वैर नाही."

"ती पानिपतची बहीण?"

"तिला मी केव्हाच क्षमा केली आहे. दर शुक्रवारी तिच्यासाठी प्रार्थना करते, तुम्ही ऐकताच."

"ते बरोबर आहे जी. पण इथं तुमच्या मनात काय आहे ते विचारलंच नाही. तिच्या मनात तुमच्याबद्दल काय आहे, ते विचारून राहिले."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "इथं भाऊ म्हटलंय," त्या म्हणाल्या. आम्हाला कधीही पळवाट न देणाऱ्या मॅडमच्या तोंडून ते ऐकून मी चपापले.

"अच्छा," गजभिये शांतपणे म्हणाले, "मग बहिणीचं सर्क्युलर वेगळं निघणार आहे का?"

मॅडमनी उघडं पुस्तक मांडीवर ठेवलं आणि सांगितलं. आई गावी, नगरला वारली, ऐन मे महिन्यात. सगळी व्यवस्था मॅडमनी केली. पाळकांनी दफनाची चारची वेळ दिली आणि ती सगळ्यांना कळवली गेली. धाकटी बहीण पानिपतहून निघाली होती, तिची गाडी रखडली. ती वाटेतून फोन करत होती, थांबा म्हणत होती. मॅडम थांबल्या नाहीत. वेळ दिली होती आणि ऊन होतं. बहीण दिवेलागणीला दफनभूमीत पोचली, ओल्या मातीवरची फुलं तिनं पाहिली आणि कोणाशी एक शब्द न बोलता तशीच परत गेली.

"अनुपालन झालेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "चहा घ्या."

त्या शुक्रवारी प्रार्थना झाली नाही, आणि पुढच्याही नाही. अर्पण तिथंच ठेवायचं म्हणजे ठेवायचं, असा त्यांचा हिशेब. दिल्लीचा सगळा हिवाळा त्या ते एकच वचन वाचत, पुस्तक मिटत आणि चहा आणत. चहा आता वेळेवर मिळू लागला, फिका. कोणीतरी प्रार्थना करायला हवी म्हणून मी जन्मात पहिल्यांदा चारचौघांत मोठ्यानं प्रार्थना केली ती तेव्हाच, नाइलाजानं, घामाघूम होऊन. "मसुदा ठीक आहे," मॅडम म्हणाल्या, पण त्यांचं लक्ष नव्हतं. नर्स यायची थांबली. मॅडमची निवृत्ती जवळ आली होती, क्वार्टर सोडावं लागणार होतं, आणि त्या वाळत चालल्या होत्या. मला भीती वाटायला लागली, की बाई नगरला निघून जातील आणि देवाशी अबोला धरूनच जातील. ज्या माणसानं आपल्याला प्रार्थना करायला शिकवली, त्याला तोंड मिटून बसलेलं बघणं फार वाईट.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून, पर्स घेऊन खाली आल्या. "तुझे यजमान मोकळे आहेत का? पानिपतला जायचंय." गजभियेही आले. "आदेश बजावताना साक्षीदार लागतो," ते म्हणाले. हायवेवर मॅडम पुटपुटत निवेदनाची तयारी करत होत्या. पार्श्वभूमी, परिस्थिती, दिलगिरी. मुरथलला गाडी पराठ्यांसाठी थांबवू का विचारलं तर म्हणाल्या, "तुम्ही खा. माझा उपास आहे." मग आम्हीही नाही खाल्लं. एका ट्रकनं आम्हाला जवळजवळ रस्त्याखाली घातलं, आणि आमचे यजमान चक्क काही बोलले नाहीत.

बहिणीचं घर दुकानाच्या वर होतं. मेव्हण्यांनी मॅडमना ओळखलं, क्षणभर गांगरले आणि "आइए जी, आइए, ऊपर चलिए" म्हणत पुढे झाले. जिन्याच्या वर बहीण उभी होती. मॅडमसारखंच नाक, मॅडमसारखंच ताठ उभं राहणं. मॅडम तिथंच पायऱ्यांवर थांबून बोलायला लागल्या, "बेबी, त्या दिवशी पाळकांनी चारची वेळ दिली होती. त्यानंतर..."

"ताई," बहीण म्हणाली, "आईच्या अंगावर साडी कुठली होती?"

मॅडमचं वाक्य तुटलं. मी त्यांच्याकडे बघत होते. या बाईंना आमच्या सगळ्यांच्या दुखण्यांची, परीक्षांची, भांडणांची सगळी माहिती तोंडपाठ होती.

"मला आठवत नाही," मॅडम म्हणाल्या.

"केस कोणी विंचरले?"

"माहीत नाही. शेजारच्या बायकांनी केलं सगळं. मी पेटीचं बघत होते, मंडपाचं, जेवणाचं. बेबी, मी आईकडे नीट बघितलंच नाही गं. झाकण लावतानासुद्धा मी घड्याळाकडे बघत होते."

निवेदन तिथंच संपलं. बहीण दोन पायऱ्या खाली उतरली. तिनं मॅडमच्या हातातली पर्स काढून घेतली आणि म्हणाली, "म्हणजे ताई, तुलाही आई भेटली नाही."

मॅडम रडल्या. मी त्यांना त्याआधी किंवा त्यानंतर कधी रडताना पाहिलं नाही. आम्ही तिघं खाली दुकानात जाऊन बसलो, मेव्हणे आम्हाला उगीच चादरी उलगडून दाखवत राहिले, आणि गजभिये साहेब एका चादरीच्या काठाकडे बघत सारखे डोळे पुसत होते. वरून बऱ्याच वेळानं दोघींचा आवाज ऐकू आला. भांडत होत्या, आईच्या साडीचा रंग कोणता असेल यावर.

पुढच्या शुक्रवारी नर्सलाही निरोप गेला होता. मॅडमनी आधण ठेवलं, येऊन बसल्या, डोळे मिटले. विषय आला नाही, पार्श्वभूमी आली नाही. "बापा," त्या म्हणाल्या, आणि खूप वेळ काहीच नाही. आतून आटल्याचा वास यायला लागला, मग करपल्याचा. कोणी उठलं नाही. शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पानिपतच्या बहिणीच्या बहिणीचं मन मऊ ठेव." आम्ही आमेन म्हटलं. गजभिये साहेब, ज्यांना प्रार्थनेत धरायचं नव्हतं, तेही म्हणाले, "ठेव रे बाबा."

निवृत्त झाल्यावर मॅडम नगरला गेल्या नाहीत. मराठी माणूस आपणहून पानिपतला राहायला जातो यावर त्यांच्या ऑफिसात कोणाचा विश्वास बसला नाही, पण बहिणीच्या गल्लीतच त्यांनी दोन खोल्या घेतल्या. "रोज भांडण होतं," फोनवर सांगतात, "रोज अनुपालन होतं." वरच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब आहे, आणि शुक्रवारी सगळे आमच्याकडे जमतात. अजून आम्ही पाचव्याच अध्यायात आहोत, शत्रूवर प्रेम करण्याच्या वचनावर, आणि यावेळी अडकलेली मी आहे. सुरुवातीला मी व्यवस्थित बेतानं, प्रार्थना संपल्यावरच चहा टाकायची. नेटका व्हायचा, आणि कोणालाच आवडायचा नाही. मला तर त्या फिक्या चहाचा घोट घेताना तो सगळा हिवाळा आठवायचा. हल्ली मी गवती चहा घालून आधण मंद आचेवर ठेवते, येऊन गुडघे टेकते, आणि मॅडमची आठवण फार यायला लागली, की त्याला तसंच आटू देते.