खंडेनवमीचा इसावा

गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबायची सवय सोनियाला तिच्या आईनं, वच्छलाबाईनं लावली. देवगाव रंगारीला टँकर आला की आई भांड्यात तुरटी फिरवायची आणि दम द्यायची, "घाईनं तांब्या बुडवलास तर सगळं पुन्हा ढवळंल. आधी नुसतं बघ."

झेडपीच्या शाळेत शिकलेली ही मुलगी पुढं कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून शहरात, पुंडलिकनगरात सर्जेरावांच्या टँकर एजन्सीत लागली. अठरा सालचा दुष्काळ होता. शहर चहूकडं पसरलं होतं, नव्या सोसायट्या उभ्या होत्या, पण नळाला पाणी नव्हतं. कुणाला कधी टँकर द्यायचा ते सगळं क्लाउड सर्व्हरवर असायचं, म्हणजे दूर कुठंतरी असलेल्या, इंटरनेटवरून वापरायच्या भाड्याच्या कॉम्प्युटरवर. तो सोनिया सांभाळायची.

खंडेनवमीला सर्जेरावांनी टँकर ओल्या फडक्यानं पुसले. धुवायला पाणी कुठलं? टँकरला, मोटारीला, लॅपटॉपला हळदकुंकू, झेंडू झाला. मग म्हणाले, "सोनिया, तुझ्या त्या सर्व्हरलाबी इसावा दे. आणल्यापासून एक दिस बसला नाय बिचारा."

"काका, तो थकत नसतो."

"न थकणारं यंत्र असतंय व्हय कुठं?"

सोनियाचाही या दिवसावर भाव होता. तिनं हात जोडून सर्व्हर बंद केला. आरती झाली, पेढे वाटले, आणि तिनं तो चालू केला. सर्व्हर उठेना. पुन्हा केला, तरी नाही.

सर्जेरावांच्या हातातला पेढा हातातच राहिला. दुसऱ्या दिवशी दसरा. सणाचं पाणी कुणाकुणाकडं जायचं, ते फक्त त्या सर्व्हरला माहीत. सॉफ्टवेअर करून देणारा अमेय फोनवर म्हणाला, "सोनियाताई, नवा सर्व्हर घ्या, मागच्या महिन्यात नोंदींची काढून ठेवलेली प्रत त्यावर टाका. मधलं जाईल, इलाज नाही."

"अहो, मधलं म्हणजे उद्याचंच पाणी की!"

फोन ठेवला तर सर्जेराव कपाळाला हात लावून बसलेले. "मलाच लई शहाणपण सुचलं. देव कोपला का गं?"

"देव कशाला कोपेल काका? आपलंच काहीतरी राहिलं असेल. बघू द्या."

अशा वेळेसाठी सर्व्हरला रेस्क्यू मोड नावाची सोय असते. सोनियानं ती चालू करता करता त्यांना सांगितलं, "घराला आतून कडी लागली तर आपण शेजारच्या गच्चीवरून उतरतो ना, तसं. सर्व्हर दुसऱ्या तात्पुरत्या सिस्टिमवर उठवायचा आणि तिथून अडलेली डिस्क उघडायची."

डिस्क तिनं आधी फक्त वाचण्यापुरती उघडली.

"आता कर की दुरुस्त!"

"पाणी निवळू द्या काका."

सगळ्या नोंदी जिथल्या तिथं होत्या. आधी त्यांची प्रत तिनं लॅपटॉपवर उतरवून घेतली. मग सर्व्हर कुठं अडला ते वाचत गेली. उन्हाळ्यात टँकर पोचल्याचे फोटो ठेवायला एक जादा डिस्क घेतली होती, पुढं ती काढून टाकली. पण चालू होताना कोणत्या डिस्का जोडायच्या, ते ज्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं तिथं तिची ओळ तशीच राहिली. सर्व्हर बंद होईतो कुणाला पत्ता नाही. इसावा घेऊन उठायला गेला आणि गेलेल्या डिस्कची वाट बघत बसला.

आता डिस्क लिहिण्यासाठी उघडून तेवढी एक ओळ तिनं बंद केली, रेस्क्यू मोडमधून बाहेर पडली, मनात अंबाबाईचं नाव घेतलं आणि सर्व्हर चालू केला. पडद्यावर दसऱ्याचे टँकर ओळीनं उभे राहिले. सर्जेरावांनी पेढा तिच्याच हातावर ठेवला.

दसऱ्याला पाणी ज्याच्या त्याच्या दारात पोचलं. काय झालं होतं, ते कुणाला कळलंसुद्धा नाही.

पुढच्या खंडेनवमीला सर्जेराव झेंडू घेऊन लॅपटॉपपाशी घुटमळले. "सोनिया, फूल वाहू ना? का नको?"

"वाहा की. नोंदींची प्रत काढून, सर्व्हर बंद-चालू करून कालच बघितलंय. आज त्याला खुशाल झोपू द्या."