रस्त्याकडेच्या दोन सऱ्या

घरातल्या मुलीला तुम्ही आठवड्यातून किती वेळा 'नको जाऊस' म्हणता, आणि मुलाला किती वेळा?

मी कधी मोजलं नव्हतं. माझ्या मुलीनं मोजलं.

ती सातवीत आहे, ओतूरच्या शाळेत. धाकटा पाचवीत, गावातल्याच शाळेत. दिवाळीनंतर तिची कबड्डीच्या संघात निवड झाली. सराव शाळा सुटल्यावर. म्हणजे नेहमीची एसटी चुकणार आणि पुढच्या गाडीनं फाट्यावर उतरेपर्यंत दिवस मावळणार. फाट्यापासून आमच्या वस्तीपर्यंत पाणंद आहे, शेतांमधली अरुंद वाट, दोन्ही अंगांना ऊस. उसात बिबट्या आहे ही आमच्याकडे बातमी नसते. ऊन असतं, थंडी असते, तसा तो असतो. त्याच सुमारास शेजारच्या गोठ्यातून त्यानं शेळी नेली होती.

"कबड्डी नको," मी म्हणालो. "पुढच्या वर्षी बघू."

"आणि हा?" तिनं भावाकडे बोट केलं. "हा रोज क्रिकेट खेळून अंधाराचाच येतो की. त्याच पाणंदीनं. माझ्याहून लहान आहे."

"त्याचं वेगळं. तो पोरगा आहे."

"बिबट्या काय शाळेचा दाखला बघून धरतो का, पप्पा?"

भाकरी थापता थापता बायको हसली. "द्या आता उत्तर. लई पत्रकं लिहिता ना!"

ते मला बरोबर लागलं. मी पत्रकांवरच वाढलो. चुलते चळवळीत होते. घरात वह्या कमी आणि उरलेली पत्रकं जास्त. त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी मुळाक्षरं गिरवली. मुलगा-मुलगी समान, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. बिबट्यावरही मी पत्रक काढलं होतं: पिंजरा लावा, रात्रीचं पाणी धरायला रानात जावं लागू नये म्हणून शेतीला दिवसा वीज द्या. ग्रामसभेत मोठ्यानं वाचलं, लोकांनी टाळ्या दिल्या. त्या मागण्या खऱ्याच आहेत, आजही मी त्यांच्यावर सही करीन. पण त्यातली एकही मागणी मी स्वतःकडे केलेली नव्हती.

शनिवारी शाळेत नाव कळवायचं होतं, नाहीतर तिच्या जागी दुसरी मुलगी. मैत्रिणीकडून मागून आणलेले बूट तिनं पुन्हा पिशवीत घातले. पिशवीची गाठ मारताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी जो राग सरकारवर काढत आलो, तोच तिच्या गप्प बसण्यात होता, आणि तो माझ्यावर होता.

माझे वडील ओट्यावर बसून सगळं बघत होते. त्यांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं.

"आमी रानात मेंढरांचा वाडा टाकायचो," ते म्हणाले, "तवा पयलं भवतालचं रान मोकळं करायचो. जनावर लपंल कुठं, त्ये आदी बघायचं. मेंढराला कोंडून काय व्हतंय? आन् तू ऊस पार रस्त्यात आणून लावलायस."

खोटं नव्हतं. पाणंदीतून एके काळी बैलगाडी जायची. दर लागणीला मी नांगर वीतभर पुढं सरकवला, समोरच्यानं त्याच्या बाजूनं सरकवला. आता चालणाऱ्या पोराच्या दोन्ही गालांना पाचट लागतं. बिबट्याला दबा धरायला आडोसा मीच दिला, आणि शिक्षा मात्र मुलीला.

शुक्रवारी सकाळी कोयता घेऊन गेलो. रस्त्याकडेच्या दोन सऱ्या, उसाच्या दोन ओळी, तोडायला काढल्या. कारखान्याची तोड यायला अजून अवकाश होता. तोडलेला ऊस जनावरांपुढं टाकला. समोरचा शेतकरी बांधावर येऊन उभा राहिला.

"काय राव, कवळा ऊस तोडताय? डोकं ठिकाणावर हाय ना?"

"पोरगी संध्याकाळची येणार आहे इथनं."

त्यानं मान वळवून पाणंदीकडे बघितलं. "आमची नात बी येती की सायकलीवर," म्हणाला आणि निघून गेला. रविवारी त्यानंही तोडला. एकच सरी, पण तोडला.

शनिवारी मुलीनं नाव कळवलं. आता रोज संध्याकाळी बॅटरी घेऊन मी फाट्यावर जातो. जाताना धाकट्याला मैदानावरून उचलतो. त्यालाही एकट्यानं यायची बंदी आहे, आणि ताईमुळे आपला खेळ लवकर संपतो अशी त्याची तक्रार आहे. एसटी वेळेवर येईलच असं नाही. माझी भीती गेलेली नाही. पण परतताना दोन्ही बाजूंची मोकळी जमीन दिसते, आणि मुलगी आज कुणाला बाद केलं ते हातवारे करून सांगत पुढं चालते.

जुन्नर-आंबेगावातल्या बापांनो, पिंजऱ्याची मागणी सोडू नका. पण पोरांच्या वाटेला तुमचा ऊस लागून असेल, तर उद्या सकाळी कोयता घ्या आणि दोन सऱ्या मागं सरा. मुलीला 'नको जाऊस' म्हणायच्या आधी एवढं करा.