सुदर्शन गजभियेंची सही

तुमच्या डोक्यावरचा पंखा कुठून आलेल्या विजेवर फिरतो, कधी विचारलंत? मीही नव्हतं विचारलं. आठवीत शाळा सुटली, कायदा पोलीस चौकीच्या बाकावर बसून शिकले. भांडायला आवाज लागतो, माहिती नंतर गोळा करता येते, असं मानत आले.

गेल्या मे महिन्यात स्वारगेटमागच्या आमच्या वस्तीत रोज चार तास वीज नव्हती. दोन राज्यांची वीज एकमेकांना जोडलेली असते. कमी पडली की शेजारून घ्यायची, उरली की द्यायची. वादळात त्या जोडणीतली एक मोठी लाइन तुटली आणि घेणंही अर्ध्यावर आलं, देणंही. हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की दुरुस्ती लोणी काळभोरच्या पुढे रखडलीय. चाळीस माणसं टेम्पोत घातली आणि गेले.

टॉवरखाली सहा जण डबे खात होते. बाजूला एक काळासावळा, केस पिकलेला माणूस कागद धरून उभा. दुरुस्तीच्या टोळीचे साहेब, सुदर्शन गजभिये.

"लोकं उकाड्यात शिजतायत आणि तुमची पंगत बसलीय?"

"ताई, काम झालं. पलीकडच्या टॉवरवर दोन पोरं आहेत, शॉक लागू नये म्हणून बांधलेल्या अर्थिंगच्या तारा काढून राहिले. ते उतरले की हा परमिट परत करतो."

परमिट म्हणजे लाइन बंद ठेवल्याचा कागद. ज्याच्या नावावर घेतला, त्यानेच सही करून परत करायचा. मगच लाइन चालू.

"फोन करा त्यांना आणि करा सही!"

"फोनवर नाही. डोळ्यांनी पाहीन."

आमच्यातल्या महिपतीने त्यांच्या जीपची किल्ली काढून घेतली. मीच डोळ्याने खुणावलं होतं. मी मोबाइल समोर धरला. गजभिये वैतागून म्हणाले, "माझ्या सहीशिवाय लाइन चालू होत नाही. आणि मी सही करत नाही."

तेवढंच ठेवलं. बाकी पुसून टाकलं. 'पाहा साहेबांचा माज' असं लिहून सोडलं, आणि अख्ख्या पुण्याने पाहिलं.

ते त्या टॉवरकडे चालत निघाले. उसातून तीन किलोमीटर, भर दुपारी. दोन्ही पोरांच्या खांद्यावर हात ठेवून पाहिलं, तेव्हा कुठे सही. दोन तास वाया गेले. संध्याकाळी शहरात वीज पुरेशी आली आणि वस्तीने मला हार घातला. मी तो घालून घेतला. अजून आठवला की मान खाजते.

चार महिन्यांनी फोन आला. "मी प्रियदर्शनी गजभिये. बाकीचा व्हिडिओ कुठाय, ताई? की तोही लोडशेडिंगमध्ये गेला?" वडिलांना नोटीस आली होती. परमिट उशिरा परत केला, लोकांशी उर्मट वागले. निवृत्तीला दोन महिने राहिलेले.

खडकीला त्यांच्या दोन खोल्यांत गेले. मला दारात पाहून गजभिये म्हणाले, "थांबा, आधी स्कूटरची किल्ली लपवतो."

हसू आलं, आणि लाजही.

चंद्रपूरकडून चोविसाव्या वर्षी आलेला माणूस. पहिल्याच वर्षी त्यांच्या फोरमनने फोनवर 'हो, उतरलो' ऐकून परमिट परत केला होता. उतरलेला दुसराच निघाला. वरचा गेला. तेव्हापासून गजभिये खांद्याला हात लावून माणसं मोजतात. त्यांच्या हाताखाली एकही माणूस गेला नाही.

"हे नोटिशीच्या उत्तरात का नाही लिहिलंत?" मी चिडूनच विचारलं.

"लिहिलं. पण व्हिडिओ जास्त लोक पाहतात ना."

मी माफी मागायला लागले, तर हात वर केला. "मला नको. तिथं चौकशीत लिहून द्या."

दिलं. किल्ली मी काढायला लावली, हेही लिहिलं. चौकशीचे साहेब माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "बाई, व्हिडिओ तुमचा आणि आता जबाबही तुमचाच. यातलं खरं कोणतं धरू आम्ही?"

माझ्या एकटीच्या शब्दाने आता भागणार नाही. या माणसाच्या चौतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटचा शेरा 'उर्मट' असा पडणार आहे, आणि तो माझ्या हातचा आहे.

त्या टेम्पोत तुम्ही असाल तर माझ्यावर रागवा, मला शिव्या द्या, पण सोमवारी अकराला चौकशीला या आणि त्या दुपारी जे पाहिलंत ते स्वतःच्या तोंडाने सांगा.