पोटमाळ्यावरचं फॉरेन

परवा एक मैत्रीण म्हणाली, "तू परदेशातल्या लोकांच्या वेबसाइट करतेस, मग काय बाई, मज्जा असेल!" मज्जा आहेच. इतकी आहे, की कॉम्प्युटरमधल्या जुन्या फाइली मी दर वर्षी साफ करते, पण डोक्यातले किस्से काही डिलीट होत नाहीत. दोन-चार होते तोवर गप्प बसले. आता ढीग झालाय, आणि हा माल भंगारवालाही नेत नाही. तेव्हा ऐका.

आधी ऑफिस दाखवते. भोसरीच्या इंडस्ट्रियल एरियात माझ्या वडिलांचा, म्हणजे अप्पांचा, छोटा गाळा आहे. खाली प्रेस, ड्रिल आणि सहा कामगार. वर पोटमाळ्यावर मी आणि इर्शाद. मी वेबसाइट बनवते आणि इर्शाद त्या जगाला दिसतील असं बघतो. प्रमोशन, सर्चमध्ये वरचा नंबर, ते सगळं त्याचं. त्याच्या घरचं गॅरेज आहे. तिथं गाडीखाली आडवं व्हायचं नव्हतं, म्हणून तो माझ्याकडे येऊन खुर्चीत आडवा होतो.

खाली प्रेस सुरू झाली की आमचं टेबल हलतं. धाड... धाड... धाड! ऑस्ट्रेलियातला एक डेंटिस्ट पहिल्याच कॉलवर म्हणाला, "तुमच्याकडे बांधकाम चाललंय का?"

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात इर्शाद पुढं सरसावला, "येस सर! आमचं नवीन ऑफिस होतंय."

झालं! पुढची तीन वर्षं प्रत्येक कॉलला तोच प्रश्न. "अजून चालूच आहे?"

"मोठं आहे ना सर!"

मग त्या डेंटिस्टनं आपल्या मेव्हण्याला आमच्याकडे पाठवलं. मेव्हणा बिचारा बिचकतच बोलत होता, "एवढ्या मोठ्या टॉवरमध्ये माझ्यासारख्या लहान माणसाकडे कोण लक्ष देणार?"

इर्शाद म्हणाला, "सर, तुमच्यासाठी अख्खा मजला ठेवतो!"

खोटं नव्हतं. आमच्याकडे मजला एकच.

* * *

आमच्या भागात सुट्टी गुरुवारी, आणि बरेचदा त्याच दिवशी दुरुस्तीसाठी लाइटही बंद. स्कॉटलंडमध्ये योगाचे क्लास घेणाऱ्या एक बाई होत्या. त्यांना नेमकं गुरुवारीच काहीतरी अर्जंट लागायचं. शेवटी वैतागून इर्शादनं मेल टाकला, "मॅडम, गुरुवारी आम्ही वीज वापरत नाही."

बघा, यात एक अक्षर खोटं नाही!

बाईंचं उत्तर आलं, "किती सुंदर! ही प्रथा किती जुनी आहे?"

इर्शादनं कळवलं, "आमच्या जन्माच्या आधीपासूनची."

महिन्याभरात बाईंनी नवीन पानाची ऑर्डर दिली. नाव काय, तर 'गुरुवारचं प्राचीन भारतीय मौन'! फी भरायची, दिवे बंद करायचे, फोन बंद करायचा आणि मेणबत्तीकडे बघत बसायचं. वर हे पान सर्चमध्ये पहिलं दिसलं पाहिजे. इर्शादनं आणलं पहिलं. कारण अशी प्रथा पाळणारं दुसरं कुणी जगात नव्हतंच!

दोन आठवड्यांनी बाई काळजीच्या सुरात कॉलवर. "माझे विद्यार्थी विचारताहेत, गुरुवारी फ्रीज चालतो का?"

इर्शादनं डोळे मिटले, जरा वेळ घेतला आणि धीरगंभीर आवाजात म्हणाला, "मॅडम, सुरुवातीला फ्रीज चालतो. नंतर सवय होते."

* * *

आता जरा देशी किस्सा. मला बघायला वाकडचं एक स्थळ आलं होतं. बाराव्या मजल्यावर फ्लॅट, मुलगा आयटीत, गळ्यात कंपनीचं आयकार्ड. रविवारी! गाळ्यातलं ऑफिस बघायचंय म्हणाले, म्हणून अप्पांनी खाली खुर्च्या पुसून ठेवल्या.

मुलाची आई म्हणाली, "मुलगी फॉरेनची कामं करते म्हणे. किती वेळा जाऊन आली?"

मी म्हटलं, "एकदाही नाही. पासपोर्टच नाहीये माझा."

"मग कसं चालतं त्यांना?"

अप्पा मूळचे बीडकडचे. त्यांना आडून बोलणं जमत नाही. म्हणाले, "वेबसाइट जाती की तिकडं. पोरीनं कामून जायचं?"

मुलगा वर येऊन पोटमाळा बघून गेला. डोकं आपटलं त्याचं तुळईला. तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला, 'मुलीला नोकरी नाही, ती घरीच बसून असल्यासारखी आहे, त्यामुळं आमचं जमणार नाही.' ठीक. त्याच्याच खाली लगेच दुसरा मेसेज, 'माझ्या मामांना त्यांच्या हॉस्टेलची वेबसाइट करायची आहे. घरचंच काम समजून करून द्याल का?'

मी लिहिलं, 'दिली असती हो, पण मला नोकरी नाही. येत नसणार मला.'

* * *

आयर्लंडमधल्या एका म्हाताऱ्यांचं अंत्यविधीचं दुकान होतं. दुकान म्हणजे, तिकडं माणूस गेला की सगळं हेच लोक करतात. पेटी, फुलं, गाडी, नातेवाइकांचं चहापाणी. त्यांची वेबसाइट घाईत करायची होती. मी काय केलं, एका हॉटेलची वेबसाइट नुकतीच केली होती, तिचाच सांगाडा उचलला. फोटो बदलले, रंग काळा केला, मजकूर भरला. वाटलं, झालं काम.

चार दिवसांनी इर्शाद खुर्चीत उठून बसला. एवढ्यावरून मी समजले, काहीतरी भयंकर आहे. त्यानं स्क्रीन माझ्याकडे वळवली. पानाच्या तळाशी हॉटेलची ओळ तशीच राहिली होती. 'धन्यवाद! पुन्हा अवश्य या! येताना सगळ्या कुटुंबाला आणा!'

मी दोन पानी माफीचा मेल लिहिला. ज्यांचं कुणी गेलंय त्या माणसांनी हे वाचलं असेल, असं मनात येऊन खरंच रडू येत होतं. काम जाणार हे तर नक्कीच होतं.

अर्ध्या तासात म्हाताऱ्यांचं उत्तर आलं. एकच ओळ.

"'पुन्हा या' काढून टाका. 'कुटुंबाला आणा' राहू द्या."

* * *

कॅनडातला एक जॅमवाला होता. जॅम हा स्वतः करत नव्हता. मोठ्या कारखान्यातून पिंपं आणायचा आणि छोट्या देखण्या बाटल्यांत भरायचा. त्याला वेबसाइटवर 'आमची गोष्ट' असं पान हवं होतं. मी विचारलं, "काय आहे तुमची गोष्ट?"

"काही नाही. तुम्हीच लिहा. आजी वगैरे घाला."

आता मी दुसऱ्याची आजी कुठून आणू? माझीच घातली. माझी आजी मोरावळा करायची. पाक चुलीवर असेपर्यंत कुणाला बोलू द्यायची नाही. तळहातावर थेंब घेऊन बोटानं तार बघायची. आणि पहिली बरणी शेजारच्या गंगूबाईंकडे पाठवायची. त्यांच्याशी तिचं पंधरा वर्षं बोलणं नव्हतं, पण बरणी जायचीच! मी आवळ्याची स्ट्रॉबेरी केली, आजीची मार्गारेट केली आणि गंगूबाईंची हेलन. शेवटी आजी वारली आणि त्या वर्षी हेलनकडे बरणी गेली नाही, असं लिहिलं. ते मात्र जसंच्या तसं खरं होतं. गंगूबाई बरणी घ्यायला म्हणून दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

जॅम धडाधड खपायला लागला. लोकांची पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं, 'हे वाचून मी माझ्या बहिणीला नऊ वर्षांनी फोन केला.' मी ते पत्र अप्पांना वाचून दाखवलं. अप्पा खाली गेले आणि मशीन चालू केली.

मे महिन्याच्या आधी जॅमवाल्याचा मेल. "उत्तम काम! एक छोटासा बदल. आजीला जिवंत करता येईल का? मदर्स डेची ऑफर आहे."

मी शेवटचा परिच्छेद निवडला आणि डिलीट दाबलं. बीडच्या आजीला जाऊन अकरा वर्षं झाली. कॅनडातली अजून जॅम ढवळतेय.

* * *

आणि आता इंग्लंडचा बिजागरीवाला.

हा जुन्या घरांसाठी लोखंडी बिजागऱ्या आणि दाराच्या कड्या विकायचा. हातानं घडवलेल्या, पानाच्या आकाराच्या, काळ्याभोर. माणूस देशप्रेमी! वेबसाइटच्या डोक्यावर मोठ्या अक्षरात त्याला ओळ हवी होती, 'इथंच, आमच्या माणसांच्या हातांनी घडवलेलं.' शिवाय एक खास पान, 'परदेशी स्वस्त माल कसा ओळखाल?' त्याचे मुद्दे त्यानंच पाठवले. परदेशी माल वजनाला हलका असतो, कडा ओबडधोबड असतात, आणि त्यात जीव ओतलेला नसतो. मी भोसरीत बसून निमूटपणे सगळं टाइप केलं. इर्शादनं त्या पानाचं प्रमोशन केलं. रोज शे-दोनशे इंग्रज येऊन आमच्या मालाला कसं ओळखायचं ते शिकून जायला लागले.

मग त्यानं फोटो पाठवले. बिजागऱ्यांचे आठ, आणि नववा कारागिराच्या हातांचा. चेहरा नाही, नुसते हात. एका हातात कानस, दुसऱ्यानं बिजागरी घट्ट धरलेली. सोबत सूचना, "हा सगळ्यात वर टाका. आमच्या कामाचा आत्मा."

मी फोटो मोठा केला. बिजागरी धरलेल्या डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक नव्हतं.

मी सहावीत होते तेव्हा ते प्रेसखाली गेलं होतं. दवाखान्यात मी अप्पांचा तोच हात धरून बसले होते.

मी जिना उतरून खाली गेले. दाराजवळच्या क्रेटमध्ये काळ्या बिजागऱ्यांचा ढीग. पानाच्या आकाराच्या. रोज त्यांना वळसा घालून मी वर जात होते, आणि एकदाही वाकून बघितलं नव्हतं.

"अप्पा, हा माल कुठं जातो?"

"चाकणच्या पार्टीला."

"आणि तिथून?"

"तिथून कुठं जातो ते पार्टीला माहीत. आपल्याला ड्रॉइंग येतं, आपण करायचं." मग जरा आठवून म्हणाले, "मागं त्यांचा माणूस फोटू काढून गेला. म्हणला, तोंड नको, नुसते हातच पाहिजेत."

वर आले तर इर्शाद पेटलेला. "वर्षा, फक्त खरा पत्ता टाकू आपण! एक ओळ! उद्या सकाळी याचं दुकान बंद!"

"आणि परवा सकाळी खालचं," मी म्हटलं.

खालून कानशीचा आवाज येत होता. आम्ही दोघं तो फोटो बघत बसलो. शेवटी मी क्लायंटला फक्त एक मेल केला, "या कारागिराचं नाव काय लिहू?"

दहा मिनिटांत उत्तर. "काहीतरी जुन्या वळणाचं लिहा. आर्थर चालेल. चाळीस वर्षं हेच काम करतोय असं टाका."

मी टाकलं. पान तयार झालं. आणि काय वाटलं कुणास ठाऊक, लॅपटॉप उचलला आणि खाली नेला.

अप्पांनी हात चिंधीला पुसले, चष्मा लावला आणि स्क्रीनवर वाकले. लगेच ओळखलं. "माझाच हाय की हात!" सहाही जण काम टाकून गोळा झाले.

"काय लिहिलंय खाली?" अप्पांनी विचारलं.

मी मराठीत वाचून दाखवलं. "हा आर्थर. आमच्या गावचा सगळ्यात जुना कारागीर. चाळीस वर्षं तो हीच बिजागरी घडवतोय. याच्या हातातून गेलेला माल आम्ही पुन्हा तपासत नाही."

अप्पांनी शेवटची ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मी वाचली. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला, कानस उचलली, आणि जाता जाता म्हणाले,

"चाळीस कुठली? एकतीस झाली. तेवढं नीट कर. उगं खोटं कामून लिहायलीस?"