बेंबीजवळची गाठ

त्या जीपवाल्याच्या गाडीत मी आजही पाय ठेवत नाही. चूक कोणाची होती ते मला ठाऊक आहे, तरी नाही.

पोशेरा गावाच्या आसपासची नाचणी, वरई घेऊन जव्हारला विकायची, हा माझा धंदा. सुरुवातीला हमाल परवडत नव्हता म्हणून पोती मीच उचलली. परवडू लागला तरी मीच उचलली. त्यात विडीचा जुना खोकला. एक दिवस बेंबीजवळ लिंबाएवढा फुगवटा दिसला. खोकलं की वर यायचा, आडवं झालं की आत जायचा.

जव्हारच्या डॉक्टरांनी झोपवून खोकायला लावलं. म्हणाले, "हर्निया. पोटाची भिंत इथं विरलीय, त्या भोकातून आतडं डोकावतंय. गोळीनं भरणार नाही. ऑपरेशन करून जाळी बसवू. पुढच्या आठवड्यात या."

"होळीनंतर येतो."

"बाजारात आलात का?" ते चिडले. "निदान एवढं ऐका. गाठ घट्ट झाली, आत जाईना, उलट्या लागल्या, तर तेव्हाच्या तेव्हा निघा. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो, ते सडतं."

मी होळीपर्यंतची मुदत पदरात पाडून घरी आलो. पोटाला टॉवेल आवळून पोती उचलत राहिलो.

थंडीतल्या एका पहाटे गाठ आत जाईना. दगडासारखी लागत होती. मी दाबत बसलो, उन्हं वर आली, उलट्या सुरू झाल्या. बायकोनं धरून नाक्यावर आणलं. जीप भरलेली होती, पण ड्रायव्हर टपावर कुणाची तरी पोती बांधत होता.

"अरे, काढ गाडी!"

"चार राहिलीत, शेठ. तुमच्या मालासाठी मी किती वेळा थांबलोय? तुम्हीच म्हणायचात, कोण मरतंय का?"

मागच्या सीटवरची म्हातारी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माझी नात तापली व्हती, तवा बी असाच बोललेला ह्यो."

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि चाकापाशी ओकलो. बायको ड्रायव्हरवर ओरडली, "पोती उद्या जातील! हा माणूस उद्या राहणार नाही!"

तेव्हा कुठं गाडी निघाली. प्रत्येक वळणाला मी पोट दोन्ही हातांनी धरून ठेवत होतो, आणि दातओठ खात त्या ड्रायव्हरच्या मानेकडे बघत होतो.

दवाखान्यात डॉक्टरांनी गाठीला हात लावला. "कधीपासून?"

"आत्ताच. तासभर झाला असेल." का म्हणालो, कोण जाणे. समोरच्यानं आकडा विचारला की कमी करून सांगायची धंद्यातली सवय.

"खोटं बोलतात," बायको म्हणाली. "पहाटेपासून आत गेलेली नाही."

डॉक्टर पुढं काही विचारत बसले नाहीत. मला तसंच आत ढकललं.

शुद्धीवर आलो तेव्हा कळलं, वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते कापलं. अशा वेळी जाळी बसवत नाहीत म्हणे, आतून पू होण्याची भीती. भोक नुसतं टाक्यांनी शिवलं होतं. पुन्हा फाटू शकतं.

"टिकेल का?" मी विचारलं.

"वजन उचललं नाही, विडी सोडली, खोकला थांबला, तर टिकेल."

"रोजच्या दोन विड्या चालतील?"

बायको उठली आणि बाहेर निघून गेली.