फलाटावरची म्हातारी

लोकांचे नवरे पत्ते कुटतात, दारू पितात. माझ्या नवऱ्याला आगगाडीचं वेड लागलं. खऱ्या नव्हे, टेबलावर गोल फिरणाऱ्या, वीतभर डब्यांच्या. बेलापूरच्या आमच्या घरातली मागची खोली या गाडीनं गिळली. संडास-बाथरूमचा दरवाजा त्याच खोलीत, पण प्लायवूडचं टेबल या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कडेनं जेमतेम एक माणूस जाईल एवढी वाट. दिवाळीचा बोनस त्यात गेला, माझा गिझर त्यात गेला. हद्द म्हणजे एकदा परदेशातून पाकीटबंद गवत आलं. प्लास्टिकचं! परसात कमरेएवढं गवत माजलेलं, आणि हा बाबा कुरिअरनं गवत मागवतो. मला त्या पाकिटाची शिसारी आली.

तरी चालवून घेतलं. म्हटलं, पैसा काय, हाताचा मळ.

मग माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तिसगावला ती एकटीच असते. लेकीच्या घरी राहायचं म्हणजे तिला मेल्याहून मेल्यासारखं होतं, पण हातापाया पडून मी तिला घेऊन आले. नवऱ्याला म्हटलं, "अहो, थोडे दिवस टेबल काढा ना. आईला ती खोली बरी पडेल."

"रूळ एकदा हलले की पुन्हा जुळत नाहीत," ते म्हणाले. "आईंना हॉलमध्ये काय त्रास आहे?"

त्रास असा होता, की रोज संध्याकाळी त्यांच्या कारखान्यातले दोस्त गाडी बघायला यायचे, ते आईच्या कॉटला खेटूनच. जावयाच्या पाहुण्यांसमोर ती पडून कशी राहील? डोक्यावर पदर ओढायची, पट्टीतला पाय दोन्ही हातांनी उचलून खाली सोडायची आणि ओठ दाबून बसून राहायची. आतून आवाज यायचे, "वा, काय बोगदा केलाय!" टेबलाच्या कडेनं वॉकर जात नव्हता, आणि आत गडीमाणसं असली की ती उठायचीच नाही.

तिच्या उशाचा तांब्या रोज भरलेलाच का राहतो, हे मला उशिरा कळलं. विचारलं तर म्हणाली, "जावईबापू चांगलं हायेत गं. पन हितं पानी पिताना लई इचार करावा लागतो. मला आपली तिसगावला धाड."

धाडली. टाके ओले असताना, शेजारणीच्या भरवशावर. नवऱ्यानं तिसगावच्या गाडीत बसवताना तिला वाकून नमस्कारही केला. किळस आली मला त्या नमस्काराची.

परवा त्यांनी मला हौसेनं खोलीत बोलावलं. टेबलावरच्या स्टेशनात, फलाटाच्या बाकावर, बोटाच्या पेराएवढी म्हातारी बसवली होती. हिरवं नऊवारी लुगडं, डोक्यावर पदर, शेजारी गाठोडं.

"आईंवरून रंगवलीय. जमलीय ना?"

मी ती उचलायला हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं.

"अगं, राहू दे. पक्की चिकटवलीय. आता ती इथून हलायची नाही."