फौजदारांचा लाल झेंडा आणि माझं लग्न

पोलीस आमच्याशी गोड बोलायला लागले आणि आमचं गाव घाबरून गेलं.

तोवर सगळं सुरळीत होतं. जमादार यायचा, "ए, इकडं ये रं!" म्हणून ओरडायचा, ज्याला हाक मारली तो उसात पळायचा, आणि जमादार दोन शिव्या हासडून, कुणाच्या तरी कोंबड्याकडे मायेनं बघत परत जायचा. दोन्ही बाजूंना आपापलं काम ठाऊक होतं. पण देश स्वतंत्र झाला आणि वरून हुकूम आला म्हणे, की आता पोलीस हा जनतेचा मित्र आहे. झालं! तोच जमादार एका सकाळी चावडीपुढं हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "राम राम मंडळी. आपली तब्येत बरी हाय न्हवं?" माणसं जागच्या जागी गारठली. म्हातारा कोंडिबा तर 'आपली' हा शब्द ऐकून तडक घरी गेला आणि बायकोला म्हणाला, "माजं काय खरं न्हाई. धोतरं बांधून ठेव."

या मैत्रीमागं होते नवे फौजदार. तरुण, गोरे, नाशकाला शिकून आलेले, आणि जनतेची सेवा करायला इतके उतावीळ, की जनता सापडेना म्हणून ते मळ्यामळ्यांत तिला शोधत फिरायचे! त्यांनी पहिला विषय घेतला तो सडकेवरच्या अपघातांचा. विषय खरा होता. आमच्याकडं गाडीवान गाडी जुंपून जो झोपतो तो थेट घरच्या गोठ्यात जागा होतो. मधली जबाबदारी बैलांची. आता सडकेला मोटारी धावायला लागल्या होत्या आणि मोटारीला बैलांइतकी अक्कल नसते. तेव्हा फौजदारांनी ठरवलं, की आमची गाडीवाट जिथं मोटारीच्या सडकेला मिळते तिथं लाल झेंडा घेऊन उभं राहायचं आणि येणाऱ्या गाड्यांना वळण लावायचं. झेंडा वर, थांबा. झेंडा खाली, चला. प्रात्यक्षिक बघायला जिल्ह्याचे मोठे साहेब मोटारीतून यायचे होते. (लाल झेंडा बघून अर्ध्या गावाला वाटलं, सरकार पुन्हा बदललं!)

नेमकं त्याच दिवशी माझं लग्न होतं.

हे लग्न मुळातच एका धाग्यावर लटकत होतं. मुलीचे वडील पलटणीतून आलेले सुभेदार. दारूचं चालेल म्हणाले, तंबाखूचं चालेल म्हणाले, पण बैलांच्या शर्यतीचा नाद असलेल्या घरात मुलगी द्यायची नाही! त्यांचा एक चुलता शर्यतीला जातो म्हणून गेला तो परत आला, पण समोरचे दात तिकडंच ठेवून. तेव्हापासून सुभेदारांपुढं शर्यतीचं नाव काढायची सोय नव्हती. सुपारी फुटताना आमच्या आबांनी भंडारा उचलून शपथ घेतली, "आमच्या गोठ्यात शर्यतीचं बैल आसंल, तर खंडुबा बगून घील!" शपथ शंभर नंबरी खरी होती. शर्यतीची बैलं आमच्या गोठ्यात नव्हतीच. ती जतला, माझ्या मामाच्या गोठ्यात होती.

सिदूमामा लग्नाला आला तो आपली हलकी गाडी, दमणी, आणि हरण्या-पाखऱ्याची खिलार जोडी घेऊन. या जोडीनं जन्मात नांगर बघितला नव्हता. खायचं, पळायचं आणि गुलाल अंगावर घ्यायचा, एवढंच त्यांना ठाऊक. भाषाही त्यांना फक्त मामाची, म्हणजे अर्धी कानडी, कळायची. आणि वऱ्हाड निघायच्या आदल्या दिवशी आमच्या तांबड्या बैलाच्या खुरात काटा मोडला.

"बशिवा भाच्याला माज्या गाडीत," मामा म्हणाला.

"सिदू, वळखली म्हंजी?" आबांचा चेहरा पडला.

"झूल टाकतो, शिंगास्नी गोंडं बांधतो. नवरीगत नटिवतो. कोन वळखतंय?"

बैलं नटली. खरं सांगतो, माझ्यापेक्षा बरी दिसत होती. मी बाशिंग बांधून, हातात लिंबू टोचलेली कट्यार धरून दमणीत बसलो. आत्याबाईनं बजावलं, "आता वेशीवर ववाळल्याबिगर भुईला पाय लावायचा न्हाई! लावलास तर अपशकुन." मागच्या गाडीत माझ्यावर नजर ठेवायला आलेले सुभेदारांचे धाकटे बंधू, तात्या. त्यांच्या मागं आबा आणि बाकीचं वऱ्हाड.

सडकेच्या तोंडाशी आलो तर ही गर्दी! लिंबाखाली खुर्चीत साहेब बसलेले. सडकेच्या मधोमध फौजदार. आमची गाडी दिसताच त्यांनी जमादाराला खूण केली, शिट्टी वाजली, आणि लाल झेंडा झोकात वर गेला.

हरण्या-पाखऱ्या जागच्या जागी थांबले. असे थांबले की काय सांगू! पुढचे चारही पाय एका रेषेत. गर्दीतून टाळ्या पडल्या.

"पाहिलंत?" फौजदार गहिवरले. "मुकी जनावरं! कुणी शिकवलं यांना? तरी झेंड्याचा अर्थ समजला. मग आपण तर माणसं आहोत!"

साहेबांनी मान डोलावली. पण मी मागून बैलांकडे बघत होतो. दोघांच्या शेपट्या वर उठल्या होत्या. कान झेंड्याकडे रोखले होते. पाखऱ्या मागच्या खुरानं माती उकरत होता. आणि मला एकदम लख्ख आठवलं, की शर्यतीच्या माळावर पंच असाच झेंडा वर धरतो. झेंडा पडला, की बैलं सुटतात!

मामाला ते माझ्या आधी कळलं होतं. त्यानं कासरा माझ्या हातात कोंबला आणि उडी मारून फौजदारांकडे धावला.

"सायेब, झेंडा तेवढा खाली करू नगा."

"का बरं?"

मामानं मागं बघितलं. तात्या गाडीतून मान बाहेर काढून ऐकत होते. "न्हाई, म्हंजी... वर लय शोभतुया."

फौजदार खूश झाले. "असं म्हणता? बरं, मग तसाच धरून मी चार शब्द बोलतो." आणि त्यांनी भाषण सुरू केलं. गाडीवानानं झोपू नये. गाडीखाली कंदील टांगावा. डाव्या अंगानं चालावं. मोटार दिसली की बैलांना धीर द्यावा. (मला कोण देणार?) बोलता बोलता त्यांचा हात अवघडला. झेंडा वीतभर उतरला. हरण्यानं पाठीची कमान केली.

"हात दुकला आसंल, मी धरतो की," मामा म्हणाला.

"छे, छे! जनतेला त्रास नको. आम्ही जनतेचे सेवक."

मग मामानं दोन्ही हातांनी फौजदारांचं कोपर खालून उचलून धरलं. साहेबांनी विचारलं, "हा माणूस काय करतोय?"

"जनतेचं सहकार्य, साहेब!" फौजदार अभिमानानं म्हणाले.

एवढ्यात मागून तात्या कडाडले, "आवं फौजदार, मुहूर्त टळतुया! टाका की झेंडा खाली!"

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या!" मी दमणीतून ओरडलो. "भाषण लय चांगलं चाललंय!"

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की जन्मात एवढा थंड नवरा त्यांनी पाहिला नसावा. मला खाली उतरून पळून जावंसं वाटत होतं, पण भुईला पाय लावायचा नव्हता! खरं बोलावं तर लग्न मोडतं, गप्प बसावं तर मान मोडते. मी गप्प बसलो. मान पुन्हा बसवता येते, सुभेदारांची मुलगी पुन्हा मिळाली नसती.

"जनतेची इच्छा दिसते," फौजदार म्हणाले आणि त्यांनी मामाचे हात हळूच बाजूला केले. "आता मी झेंडा खाली करतो. पाहा मंडळी, गाडी कशी अगदी सावकाश..."

'सावकाश' हा मी ऐकलेला शेवटचा शब्द.

झेंडा पडला आणि मी पाठीवर पडलो. उठलो तेव्हा सडक मागं गेली होती. "हो, हो! थांबा बाबांनो!" मी ओरडलो. पण मराठीचा उपयोग शून्य! मागून, लांबून मामाचं कानडी "निल्लो, निल्लो!" (थांबा, थांबा!) ऐकू येत होतं, मग तेही येईना. मीही "निल्लो" म्हणून बघितलं. बैलांना माझे उच्चार पटले नसावेत, कारण ती आणखी जोरात पळाली. कट्यारीचं लिंबू उडालं. झूल उडाली. एक गोंडा माझ्या तोंडावर बसला. मी कासरा सोडून दमणीचा कठडा मिठीत घेतला आणि आईला हाक मारली. (ती वऱ्हाडात होती. म्हणजे खूप मागं.) उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत होतो. माझं बाशिंग खरोखरच घसरून गुडघ्यावर आलं होतं. पण उतावीळ बैलं होती, मी नव्हतो, हे आता कुणाला पटवणार?

नवरीच्या गावच्या वेशीवर आमच्या स्वागताची तयारी चालली होती. हलगी कडकडत होती, माणसं ओरडत होती, कुणी पटक्याचे शेमले हलवत होतं. हरण्या-पाखऱ्याला याचा अर्थ एकच कळला. निशाण आलं, जिंकलो! दोघंही तिथं येऊन एकदम थांबले.

मी थांबलो नाही. मी दमणीतून सुटलो तो सरळ सुभेदारांच्या पायाशी पालथा पडलो.

"आरं, आरं! उठा जावईबापू," सुभेदार हेलावले. "निस्ता नमस्कार केला तरी चाललं आसतं. लोटांगन कशाला?" मग त्यांनी वाटेकडे बघितलं. "वऱ्हाड कुटं हाय?"

"येतंय... मागनं."

सुभेदारांची नजर बैलांवर गेली. झूल नाही, गोंडे नाहीत, तोंडाला फेस, आणि माना ताठ करून दोघं गुलालाची वाट बघत उभे! सुभेदारांच्या मिशा हळूहळू वर चढल्या. हलगी आपोआप बंद झाली.

"ही बैलं," ते म्हणाले, "शर्यतीची हाईत."

मी तोंडातली माती गिळली. तेवढ्यात साहेबांची मोटार धुरळा उडवत आली. आत साहेब, शेजारी फौजदार (झेंडा अजून हातातच), आणि बाहेर दाराला लटकलेला सिदूमामा.

"आलं बगा कायद्याचं मानूस," सुभेदार म्हणाले. "फौजदार, तुमी खोटं बोलायचा न्हाईसा. ही बैलं येवढी उधळली कशानं? खरं काय ते सांगा. मग लगीन हुईल, न्हाईतर ह्ये बाशिंग हितंच सोडायचं!"

फौजदारांनी तोंड उघडलं. कशानं उधळली ते त्यांना कुठं ठाऊक होतं? पण झेंडा खाली केला हे ते सांगणार, पुढचं सुभेदार स्वतःच ओळखणार, आणि माझा निकाल लागणार. मी मातीतूनच ओरडलो, "बैलं पोलिसास्नी भ्याली!"

मग सगळी वेस एकदम बोलायला लागली.

"व्हय की! भिनारच!"

"माजी म्हस खाकी बगितली की पान्हा चोरती!"

"म्हशीचं सोडा, माजा भाऊ अजून उसात हाय!"

पुरावा कुणी मागितला नाही. सुभेदार फौजदारांकडे वळले, "आसं हाय का?"

बिचारे फौजदार! 'नाही' म्हणावं तर मोठ्या साहेबांपुढं आपल्या झेंड्याचा जाब द्यावा लागणार. 'होय' म्हणावं तर जनतेच्या मैत्रीचं वाटोळं. त्यांनी क्षणभर विचार केला. चूक आपल्या एकट्याची असण्यापेक्षा सगळ्या खात्याची असलेली बरी, हे नोकरीतलं पहिलं तत्त्व त्यांना तिथं सुचलं असावं.

"होय," ते म्हणाले. "आम्हालाच भ्याली."

साहेब तडक मोटारीत जाऊन बसले. मैत्रीचा कार्यक्रम त्या दिवसापासून बंद झाला. पुढच्याच बाजारी जमादार चावडीवर येऊन "ए, इकडं ये रं!" म्हणून ओरडला, आणि गावाचा जीव भांड्यात पडला.

वऱ्हाड धापा टाकत पोचलं, मुहूर्त कसाबसा साधला, माझं लग्न लागलं. परत निघताना वाटेत पोलीस नाहीत याची सुभेदारांनी स्वतः खात्री करून घेतली आणि मगच मुलीला दमणीत बसवलं. मामा पुढं बसून कानडीत काहीतरी गुणगुणत होता. बैलं गरीब गाईसारखी चालली होती. गाव मागं पडल्यावर हौसानं, माझ्या बायकोनं, पहिल्यांदा तोंड उघडलं.

"बैलं भ्याली न्हवती."

मला घाम फुटला.

"शेपट्या वर हुत्या. भ्यालेलं बैल शेपूट पायात घालतं. मी माडीवरनं बगत हुते."

"मग बोलली का न्हाईस?"

"बोलले आसते तर लगीन मोडलं आसतं की."

माझी छाती भरून आली. मी बाशिंग सारखं केलं, मिशीवरची माती झटकली आणि शक्य तितक्या मर्दानी आवाजात विचारलं, "येवढा आवडलो व्हय गं मी?"

ती लाजली. "हरण्या-पाखऱ्या न्हवं ह्ये? माळावर पळताना बगितल्यात मी, वडलास्नी चोरून, बांधावर हुबं ऱ्हाऊन. आसली जोडी आपल्या दावनीला येनार म्हटल्यावर..."

"आगं, पन ही बैलं मामाची हाईत. उद्या जतला चालली."

हौसानं बैलांकडे बघितलं. मग मान वळवून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "माज्या वाट्याला निस्तं तुमीच?"